सारजेच्या तीन लाथा

फार वर्षांमागची गोष्ट. नदीवर पूल नव्हता, तेव्हा आमच्या तारवलीत भिवा तारी होडी चालवायचा. त्याच्या घरी सारजा सून म्हणून आली. सारजा पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. पायाळू माणसानं तीनदा लाथ मारली की कमरेत भरलेली उसण उतरते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर तुमची कंबर अजून धड आहे, आनंद आहे. पण पायाळू माणसावर वीज पडते, असंही म्हणतात. म्हणून सारजेला आईनं बजावलं होतं, "सासरी यातला चकार शब्दही काढू नकोस. दारात उभं करणार नाहीत."

एका श्रावणात सारजेचा नवरा राघू गवत कापायला नदीतल्या बेटावर गेला आणि मागाहून वर घाटात पाऊस कोसळला. बघता बघता बेट बुडायला लागलं. राघू झाडावर चढला. भिवा नदीकाठच्या उतारावर होडी ढकलायला वाकला आणि उसण भरून तिथंच पालथा पडला. त्या पाण्यात होडी घालणारा दुसरा कुणी गावात नव्हता. सारजा धावत त्याच्याजवळ आली.

"मामंजी, मी पायाळू आहे," ती म्हणाली. "लपवलं, चुकले. पण तुमच्या अंगाला पाय कसा लावू?"

भिवानं पडल्या पडल्याच हात लांब करून तिच्या पायांना लावला. "हे बघ, पाया पडलो. आता तू सून नाहीस, वैद्य आहेस. मार."

सारजेनं डोळे मिटले. पहिल्या लाथेला भिवा उठून बसला, दुसरीला उभा राहिला आणि तिसरीला नदीच चार हात मागं सरकली, असं म्हणतात. मला विचाराल तर पाणी तसंही ओसरत होतं, पण हे गावात बोलायची माझी छाती नाही. भिवानं होडी घातली आणि राघूला घेऊन आला. पुढं सारजा होती तोवर तारवलीवर एकदाही वीज पडली नाही, असं म्हणतात.

आजही उसण भरली की माणसं त्याच उतारावर येतात. लाथ मारायला गावातली एखादी पायाळू मुलगी असते, कधी सात वर्षांचीसुद्धा. माणूस कितीही मोठा असो, आधी तिच्या पायांना हात लावतो, मगच पालथा होतो. आणि तारवलीत मुलगी पायाळू जन्मली की तिची आई ते लपवत नाही. घरोघर साखर वाटते.