नानांचं बोट आणि माळावरच्या गारा

माळाच्या कडेला एक गाव होतं. तिथले तिघेजण मोटारसायकलवर जाळीच्या टोपल्या बांधून कोंबडीची पिल्लं विकत हिंडत. पुढे नाना खराडे, मधे इस्माईल आणि शेवटी सगुणा. प्रत्येकाच्या हँडलला एक रेडिओ होता. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकाने बटण दाबून धरलं की बाकीच्यांची तोंडं बंद. त्याच रेडिओवर हवामानाचा चॅनलही लागत असे.

पण तो लावायला नानांची सक्त मनाई होती. सगळ्यांनी त्यांच्याच चॅनलवर राहायचं आणि त्यांच्या शब्दाशिवाय थांबायचं नाही. का, तर नाना वयाने मोठे, आणि बोलायची हौस दांडगी. कुठल्या बाजारात आपण कुणाला कसं गुंडाळलं, हे ते मैलोन्‌मैल सांगत. बोट बटणावरून हलेल तर शपथ.

एका दुपारी आभाळ एकाएकी काळवंडलं. सगुणाला राहवेना. तिने हवामानाचा चॅनल लावला. माळावर लवकरच गारपीट होणार, आसरा शोधा, असं तिथे सांगत होते. पुढे सगळा उघडा माळ. आसरा एकच, देवळाची धर्मशाळा, आणि ती समोरच आली होती. टोपल्यांतली पिल्लं कालच अंड्यातून बाहेर पडलेली. गारांपुढे ती काय टिकणार?

तिने परत नानांचा चॅनल लावून बटण दाबलं. "नाना, थांबा, गारा येतायत." नानांच्या बाजारातल्या बढाया चालूच. तिने हॉर्न वाजवला. त्यावर नाना बोलता बोलताच म्हणाले, "मागं कोण हॉर्न वाजवतंय? जरा शिस्त पाळा."

सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने गाडी दामटून इस्माईलला गाठलं आणि ओरडून सांगितलं. तो बिचारा कसनुसा झाला. "नानांच्या शब्दाबिगर कसं थांबू, ताई?" म्हणाला आणि पुढे गेला. सगुणाने मात्र गाडी वळवली आणि टोपल्या धर्मशाळेत नेल्या.

गारा कोसळून थांबल्यावर नाना आणि इस्माईल निथळत धर्मशाळेकडे परत आले. त्यांच्या टोपल्यांतून चिवचिव येत नव्हती. इस्माईल पायरीवर बसला. गारांत टोपलीवर टाकलेलं पोतं उचलून बघायचा त्याला धीर होईना.

नाना तिच्यावरच गरजले, "ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस?"

"सांगतच होते, नाना. तुम्ही बटण सोडलं असतं तर ऐकू आलं असतं." तिने इस्माईलकडे बोट केलं. "माझी पिल्लं जगली, कारण मी तुमचा हुकूम मोडला. यानं तो पाळला. आता बाजारातली ती गोष्ट यालाच पुरी करून सांगा."

तात्पर्य: जो दुसऱ्याला बोलू देत नाही, त्याला संकटाची सूचना मिळत नाही, आणि जो अशाच्या मागे मुकाट जातो, तोही त्याच्याबरोबर बुडतो.