आपल्याच हाताच्या मापाचे चाकू

एका गावात, गाव कसलं, डोंगराच्या पोटाशी चिकटलेल्या तीसेक घरांत, एक लोहार राहायचा. त्याचं अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या भट्टीवर गेलं होतं. तिथे भाता एकाने ओढायचा, सांडशी दुसऱ्याने धरायची, घण तिसऱ्याने मारायचा आणि काम बिघडलं की तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं. लोहार या सगळ्याला विटला होता. आपल्या घरी आपली भट्टी असावी, तिच्यावर नुसते चाकू घडवावेत आणि मध्ये कुणाची लुडबुड नसावी, एवढंच त्याला हवं होतं.

घरामागचा गोठा रिकामा होता. त्याने तो झाडून काढला, मधोमध भट्टी घातली, तिच्यापासून एका पावलावर ऐरण रोवली. तापलेलं पातं बुडवून विझवायला तेलाची कढई ठेवली. कानशी भिंतीवर ओळीने टांगल्या. उभ्या जागेवरून न हलता प्रत्येक हत्यार हाताला लागलं पाहिजे, असा त्याचा हिशेब होता.

शेजारी टोपल्या-सुपं विणणारा एक म्हातारा राहायचा. बायको गेल्यापासून लोहारासारखा तोही एकटाच होता. तो रोज गोठ्याच्या दारात येऊन उभा राहायचा.

"भाता ओढू का रे? नुसता बसूनच असतो मी."

"नको आबा. माझ्या दोन हातांनी होईल तेवढंच करायचंय मला."

आणि पठ्ठ्याने खरोखरच भात्याला दोरी बांधून ती स्वतःच्या पायात अडकवली. म्हातारा थोडा वेळ बघत राहिला आणि घरी गेला.

गोठ्याला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी होती. तापलेल्या पोलादाचा रंग उजेडात नीट कळत नाही, आणि रंग चुकला की पातं वाया जातं. म्हणून शहाणी माणसं खिडकीवर गोणपाट टाकतात. याने विटा रचून खिडकीच बुजवली आणि दाराला आतून कडी घातली.

चाकू मात्र सुरेख होऊ लागले. धार अशी की पिकलेला टोमॅटो न दबता कापावा. लाकडाची मूठ बसवली की तो ती आपल्याच हातात धरून बघायचा. दुसरा हात होता कुणाचा?

एके दिवशी म्हाताऱ्याने दार वाजवलं. "बांबू चिरायला एक चाकू दे बाबा. जुना झिजला."

लोहाराने भिंतीवरचा सगळ्यात चांगला चाकू काढून दिला. दोन दिवसांनी म्हातारा परत आला.

"धार झकास आहे. पण हातात फिरतो रे. बोटं वाकडी झालीत ना माझी, मूठ जाड पडते. जरा तासून देतोस का?"

लोहाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "चाकूत खोट नाही आबा. खोट तुमच्या हातात आहे."

म्हाताऱ्याने चाकू उंबऱ्यावर ठेवला आणि तो निघून गेला.

त्यानंतर दार वाजलं नाही. बंद दार बघून लोकांना वाटायचं, याला माणूस नकोय. ते बाजारातून साधे चाकू आणायचे. गोठ्याच्या भिंतीवर चाकूंची रांग वाढत गेली. लोहार कधी कधी हातोडी थांबवून बाहेर कुणी बोलतंय का ते ऐकायचा. दिवसभरात तोंडातून शब्द निघाला नाही, हे त्याला निजताना आठवायचं आणि फार वाईट वाटायचं. पण जाणार कुणाकडे?

एकदा सांडशीतून लालभडक पातं निसटलं आणि त्याने भान न राहून ते हाताने सावरलं. तो मोठ्याने ओरडला. कुणीही आलं नाही, कारण कुणाला ऐकूच गेलं नाही. हात पाण्याच्या बादलीत बुडवून तो एकटाच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी चिंधी गुंडाळलेल्या हाताने तो कांदा चिरायला बसला. चाकू त्याचाच होता, पण हातात फिरू लागला. बोटं मिटत नव्हती, मूठ जाड पडत होती. तेव्हा त्याला म्हाताऱ्याचं बोलणं कळलं आणि स्वतःची लाज वाटली. कांदा तसाच टाकून तो ओल्या मातीचा एक गोळा घेऊन शेजारी गेला.

म्हातारा ओट्यावर रिकामाच बसला होता.

"आबा, चुकलं माझं. हा गोळा मुठीत दाबून धरा. तुमच्या बोटांचे ठसे उठतील, त्याबरहुकूम मूठ करतो."

"आता कशाला रे? बाजारच्या चाकूने बांबू चिरला जात नाही, बोटंही ऐकत नाहीत. टोपल्या सोडल्या मी. फार तर एखादं सूप निघेल हातून."

"एका सुपासाठी करतो."

म्हाताऱ्याने गोळा धरला, पण बोटांत जोर नव्हता. मग लोहाराने आपला बरा हात त्याच्या हातावर ठेवला आणि हळूच दाबला. ठसे केव्हाच उठले होते. तरी दोघांपैकी कुणीच हात काढला नाही.

तात्पर्य: ज्याच्यासाठी वस्तू घडवायची, त्यालाच दाराबाहेर ठेवलं, तर वस्तू चांगली होते, पण ती कुणाच्याच कामाची राहत नाही.