वस्तादांची पाठ

“माझ्या तालमीत कुनी रडत न्हाई, वस्ताद. मग ह्योच एक एवढा कच्चा कसा निघाला?”

रंगराव पैलवान विचारत होते. तालमीच्या भिंतीला टेकून बसलेले हिंदुराव वस्ताद डोळे मिटून ऐकत होते.

वस्तादांचे हात आता थरथरत. काठीशिवाय चार पावलं टाकवत नसत. पण या माणसाची पाठ उभ्या हयातीत कुणी मातीला लावली नव्हती. त्यांचं नाव निघालं की पंचक्रोशीतले जुने मल्ल आजही कानाला हात लावत.

रंगरावांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. आपण या वस्तादांचे पठ्ठे, ही पहिली. आणि दुसरी आपली शिस्त. मैदानात हरून आलेल्या पोराशी तालमीत कुणी एक शब्द बोलायचा नाही. पुढची कुस्ती मारली, की मगच.

“कोन पोरगं?” वस्तादांनी विचारलं.

“इंद्रजित. जत्रंत चितपट झाला. तवापास्नं घरात तोंड लपवून बसलाय. त्येची आई सांगत आली, जेवत न्हाई, बोलत न्हाई, नुसता भिंतीकडं बगून...”

रंगराव थांबले. इंद्रजितवर त्यांचा जीव होता. पोर हातचं जातंय या भीतीनं त्यांनाही घास गोड लागत नव्हता. पण तसं बोलून दाखवतील तर ते रंगराव कसले.

“तुमी दोन खडे बोल सुनवा त्येला. तुमचं ऐकंल.”

वस्तादांनी डोळे उघडले.

“आदी तुजा हौदा दाव, रंग्या.”

कुस्तीचा हौदा नुकताच उकरून ठेवला होता. वस्ताद कसेबसे वाकले. मूठभर लाल माती उचलून त्यांनी हुंगली, बोटांनी चुरून पाहिली.

“काय काय घातलंस?”

रंगरावांची छाती फुगली. “त्याल, ताक, हळद, लिंबू. कशात हात आखडला न्हाई. लोन्यावानी माती हाय.”

“कशापायी एवढं?”

हा काय प्रश्न झाला? लंगोट बांधायला न येणारं पोरही सांगेल.

“पडनाऱ्याला लागू ने म्हनून...”

रंगरावांनी मातीवरची नजर काढून घेतली.



वस्तादांनी काठी कडेला ठेवली. डोक्यावरचा फेटा उतरवून तिच्याशेजारी ठेवला. मातीला हात लावून तो कपाळाला लावला. मग हौद्यात उतरले, गुडघे टेकले, आणि हाडं सांभाळत हळूहळू आडवे झाले.

उताणे. दोन्ही खांदे मातीला.

जोर काढणारी पोरं होती तिथंच थांबली.

“वस्ताद... असं करू नगा. उभ्या जन्मात तुमची पाठ...”

रंगरावांचा आवाज फाटला. चारचौघांत आपल्यालाच कुणी चीत केल्यासारखं त्यांना झालं. ते धावत हौद्यात उतरले आणि त्यांनी हात पुढं केला.

वस्तादांनी तो धरला नाही.

“तुजा नगं.”

“मग कुनाला बोलवू?”

म्हातारा आढ्याकडे बघत निवांत पडला होता. नुकतीच कुस्ती मारल्याची ऐट त्याच्या चेहऱ्यावर होती.

“इंद्रजितकडं जा. तू सोता जा. त्येला म्हनावं, हिंदुरावाची पाठ लागलीया... उठवाय ये.”