शेपटीवाल्यांची यादी

पूर्वी चंपावती नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजबागेतल्या तळ्यात बेडूक होऊन जन्मले होते. वय झालेले, सगळे तळे त्यांना आजोबा म्हणे.

राणी वारली, तेव्हा तिच्या पुण्यासाठी राजाने ठरवले की या तळ्यात यापुढे शाकाहारी जीवच राहतील. यादी करायला विमलकेतू अमात्य आला. माणूस मेहनती हो! आठ दिवस काठावर पालथा पडून कोण काय खातो ते बघत होता. शेवटी त्याने लिहिले : शेपटीवाले शेवाळ खातात, ते शाकाहारी; चार पायांवाले मात्र किडे खातात, ते मांसाहारी. शेपटीवाली ही त्या चार पायांच्यांचीच पिल्ले, हे त्याला कुठे माहीत!

बेडूक टोपल्यांत भरून माळावर सोडायचे ठरले. परतेल तो मरेल, असा हुकूम झाला आणि काठावर काठीवाला पहारेकरी बसला.

"आजोबा, आम्ही शाकाहारी!" पिल्ले पाण्यातून आनंदाने ओरडली. "आम्हाला राहायला मिळालं!"

त्यांच्या आया टोपलीच्या फटींतून त्यांच्याकडे बघत होत्या.

पुढे पिल्लांना पाय फुटले, शेपट्या आटल्या. शेवाळ पचेना. पण किडा खाल्ला तर आपलीही रवानगी माळावर, या धास्तीने ती शेवाळच चघळत राहिली आणि एकेक करून काठाशी मरू लागली.

माळावर बोधिसत्त्वांना दिवस मोजता येत होते. आता पाय फुटले असतील, हुकमाच्या भीतीने ती किडे खात नसतील, एवढे कळले आणि त्यांना राहवेना. भर दुपारी ते तळ्यावर परतले.

"बाळांनो, पाय फुटले की पोट बदलतं. तुमच्या आयाही अशाच वाढल्या. खा, लाजू नका."

असे म्हणून त्यांनी समोरची माशी खाऊन दाखवली. पिल्लांनी पाहिले. पहारेकऱ्यानेही पाहिले. त्याची काठी बोधिसत्त्वांवर पडली.

अमात्य धावत आला. "अरे म्हाताऱ्या, हुकूम माहीत होता ना? मग कशाला आलास?"

"ही माझी नातवंडं," बोधिसत्त्व म्हणाले. "एकाच घराच्या तुम्ही दोन याद्या केल्यात. या पहारेकऱ्याला मात्र शिक्षा करू नका, त्याने सांगितलेलं काम केलं." आणि त्यांनी प्राण सोडला.

राजाने यादी फाडली, बेडकांना परत आणवले. आया पिल्ले शोधीत तळेभर फिरल्या. सात सापडली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तो म्हातारा बेडूक मी होतो. पहारेकरी म्हणजे हे आपले उपासक मणिभद्र. आणि तो अमात्य म्हणजे भिक्खू सुमनघोष. म्हणून तर कुणाला पंगतीतून उठवायची वेळ आली, की हा आधी विचारतो, 'बाळ, तू कुणाचा?'"

सुमनघोष मान खाली घालून रडत होता. शास्त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते म्हणाले, "भिक्खूंनो, या पारमितेला, या पूर्णत्वाला पोचलेल्या गुणाला, करुणा म्हणतात."