न कोरलेलं अक्षर

ग्राबोवा बेटावरच्या दगडी चर्चच्या उत्तर भिंतीवर सहाशे वर्षांपासून नावं कोरली जात आहेत. लिपी जुनी स्लाव्ह. पहिली दहा नावं पुरी आहेत. अकराव्यापासून मात्र बहुतेक नावांचं शेवटचं अक्षर नाही. त्या लेखांचे ठसे घ्यायला मी गेले, तेव्हा चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी काता आजी म्हणाली, "दगड झिजलेला नाही, बाई. ते अक्षर कोरलंच नाही."

असं सांगतात की, मासेमारीला गेलेली अकरा जणांची होडी परतली नाही. चाळीस दिवसांनी पाद्र्यांनी राडोश पाथरवटाला नावं कोरायला सांगितलं. नाव दगडावर चढलं की माणूस मेला असं ठरे, बायको विधवा होई. दहा नावं झाली. अकरावं वुकानचं होतं. त्याची आई स्ताना आली आणि तिने भिंतीवर तळहात ठेवला.

"हात काढ, स्ताना. एकच अक्षर राहिलंय."

"तेवढं राहू दे. मी अजून प्रेत पाहिलेलं नाही."

संध्याकाळपर्यंत तिने हात काढला नाही. शेवटी राडोश चिडून घरी गेला.

सात वर्षांनी एका गलबतातून प्रिबिल उतरला. भिंतीवर पहिलं नाव त्याचंच होतं. चाच्यांनी त्यांना धरून वल्ह्यांना जुंपलं होतं. स्ताना धक्क्यावर धावली.

"माझा वुकान?"

"पहिलं वर्ष एकत्र होतो. मग त्याला दुसऱ्या जहाजावर नेलं."

प्रिबिलच्या बायकोने तोवर दुसरं लग्न केलं होतं. ती दारापर्यंत आली, उंबरठा ओलांडला नाही. तो चर्चमध्ये गेला, स्वतःच्या नावावरून शेवटपर्यंत बोट फिरवलं आणि त्याच गलबताने निघून गेला.

त्यानंतर राडोशला झोप लागेना, म्हणे. उठायचा, भिंतीपाशी जायचा, परत यायचा. अखेर त्याने शपथ घेतली: प्रेत पाहिल्याशिवाय माझ्या कुळातला कोणी शेवटचं अक्षर कोरणार नाही. स्ताना मरेपर्यंत धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिली. वुकान आला नाही.

आजही राडोशचे वंशज ती शपथ पाळतात. सगळ्यात खालचं नाव ताजं दिसलं. कोणाचं, म्हणून मी विचारलं.

"माझ्या मुलाचं. मालवाहू जहाजावर होता," आजी म्हणाली. "एकोणीस वर्षं झाली."

गळालेलं अक्षर वहीत कंसात भरायची आमची रीत. माझी पेन्सिल तिथवर गेलीही होती.

"ते लिहू नका," ती म्हणाली.

मी लिहिलं नाही.