उजागऱ्यांचा वन्स मोअर

"एकदाच, बाबा. एवढं एकदा वाजवाल ना?"

मजारीवर चिंचेची पानं पडली होती, बाबा ती वेचत राहिले.

"डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत कान पूर्ण जाणार. उजवा गेलाच आहे. डावा या मशीनवर चालतो... थोडाफार."

विचारणारे फिलेमोन उजागरे, मिशन शाळेतले निवृत्त मास्तर. सोबत कापडबाजारातले गुगळे. दोघंही सत्तरीच्या पुढचे. दोघंही 'लॅन्टर्न्स'चे भक्त.

लॅन्टर्न्स हा नगरचा रॉक बँड. आमच्याकडे बँड म्हणजे वरातीचा. हा तसला नव्हे. पन्नास वर्षांपूर्वी भिंगार कॅम्पातल्या चार पोरांनी तो काढला. गायला नथानेल पाटोळे, सगळे त्याला नाथू म्हणत. ड्रमवर चांद शेख.

त्या चांदलाच आज लोक चांदबाबा म्हणतात. भिंगारबाहेरच्या या तकियात, फकिरांच्या जागेत, ते राहतात. चौघांतले तेवढेच उरले. नाथू गेल्यापासून त्यांनी वाद्याला हात लावलेला कुणी पाहिला नाही.

मी बाबांजवळ बसणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी गाण्यातलं मला कळत नाही. पण कान शाबूत आहेत.

बाबा हळू बोलतात. कुणासाठी आवाज चढवत नाहीत. म्हणून त्या दिवशी त्यांचं बोलणं उजागऱ्यांच्या डाव्या कानाशी मोठ्याने सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"काय ऐकायचंय तुला?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं.

"शेवटचं गाणं, बाबा. कंदिलाचं."

गुगळे खुलले. ते दुकानात बोलतात तसं सगळीकडे ओरडूनच बोलतात. उजागऱ्यांना ते ऐकू जातं.

"काय गाणं होतं! सगळे दिवे बंद. माइकच्या दांडीला खराखुरा कंदील टांगलेला. आणि नाथूच्या अंगात तो लाल सदरा..."

"काळा."

"लाल! कापड आमच्या दुकानातलं होतं."

"काळा. मी पहिल्या रांगेत होतो. तू भिंतीवर चढून बसला होतास, फुकट्या."

"भिंतीवरून जास्त दिसतं."

"दिसतं. ऐकू येत नाही."

"आता तुला तरी कुठं येतंय?"

गुगळ्यांनी जीभ चावली.

बाबा पानं वेचत होते.

थोड्या वेळाने उजागऱ्यांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. जुना, कातडी पिशवीतला.

"कॅम्पाच्या मैदानावरचा शेवटचा कार्यक्रम. याची जगात एवढी एकच टेप आहे. मी मांडीवर रेकॉर्डर धरून भरून घेतली. पुण्याची माणसं मागायला येतात. मी देत नाही."

"लाव," बाबा म्हणाले.

आधी खरखर. मग गिटार. मग नाथू.

चांगला आवाज होता. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मध्येच तो खोकला. पुन्हा गायला.

गाणं हळूहळू उतरू लागलं. गिटार थांबली. ड्रम बारीक होत गेला, आणखी बारीक...

"वन्स मोअर!"

अगदी जवळून. टेप फाटेल असा आवाज.

मग गर्दी उठली. शिट्ट्या. वन्स मोअर, वन्स मोअर. नगरकर नाटकातल्या पदाला द्यायचे, तोच त्यांनी या पोरांना दिला. पोरंही नाटकवाल्यांसारखीच पुन्हा पहिल्यापासून गायली.

नाथू आता जास्त खोकत होता. गाणं पुन्हा उतरू लागलं. पुन्हा तीच जवळची आरोळी, या वेळी जरा आधीच. पुन्हा गाणं. पुन्हा आरोळी.

बाबांनी हात वर केला. टेप थांबली.

"हा जवळून ओरडतोय, तो कोण?"

"मीच!" उजागरे हसले. "असा घसा बसला होता, बाबा! दुसऱ्या दिवशी वर्गात शब्द फुटेना."

"नाथूचाही फुटला नाही," बाबा म्हणाले.

मी ते कानाशी सांगितलं. उजागऱ्यांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. मग उतरलं.

नाथूला छातीचं दुखणं होतं. त्या वर्षीचा नाताळ त्याने पाहिला नाही.

"आम्हाला कुठं ठाऊक होतं, बाबा..." गुगळे म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलले.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. उजागऱ्यांना विचारलं, "कंदिलाला हात कधी लावायचा तो?"

"शेवटी. वात खाली करायचा."

"मग?"

"मग वन्स मोअर."

"त्याच्या मध्ये?"

"मध्ये काय? गाणं संपलेलं असायचं."

"नव्हतं संपलेलं."

उजागरे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. त्यांना वाटलं, मी चुकीचं सांगितलं. मी पुन्हा सांगितलं.

"वात खाली जायला लागली की मी ड्रमच्या काड्या खाली ठेवायचो," बाबा म्हणाले. "पुढचं बोटांनी होतं. नाथूनेच बसवलेलं. सगळं गाणं त्या शेवटासाठी होतं... कुठल्याच गावात कुणी ऐकलं नाही."

चिंचेवर कावळा ओरडला.

मग उजागऱ्यांनी हात जोडले.

"तेच वाजवा, बाबा. तेवढंच ऐकायचं राहिलं म्हणा. ते ऐकलं की हे कान गेले तरी जाऊ देत."

बाबा उठले. आत गेले. खुंटीवरचा डफ घेऊन आले.

गुगळे सरसावून बसले. उजागऱ्यांनी कानातल्या मशीनचा आवाज पूर्ण वाढवला. मशीन शिटी मारू लागलं. त्यांनी जरा कमी केला. मान पुढे केली, डावा कान डफाकडे धरला, डोळे बाबांच्या हातावर.

बाबांनी डफ मांडीवर आडवा ठेवला. बोटांची पेरं कातड्यावर टेकली.

मी जवळ होतो. मी ऐकलं. ते कसं होतं हे सांगणं माझ्या आवाक्यातलं नाही. वात खाली जाताना दिसत होती, एवढंच म्हणेन. शेवटी ती कधी गेली ते कळलं नाही.

गुगळ्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

बोटं थांबली होती. बाबांचे डोळे मिटलेले.

उजागरे तसेच मान पुढे करून बसले होते. वाट पाहत होते.

"डफ जुळवून झाला असेल तर सुरू करा, बाबा," ते म्हणाले.

बाबांनी डोळे उघडले.

"झालं."

मला ते सांगायचं नव्हतं. पण काम माझं होतं. मी कानाशी वाकलो आणि सांगितलं.

"झालं...? पण मला काहीच..." त्यांनी मशीन काढलं, झटकलं, पुन्हा घातलं. गुगळ्यांचा चेहरा पाहिला. मग त्यांना समजलं.

त्यांचे ओठ हलले. तो जुना शब्द ओठांवर आला होता, मला दिसला. अर्धा बाहेर आला.

"वन्स..."

उरलेला त्यांनी गिळला.

बाबांनी डफ आत नेऊन खुंटीला लावला. परत येऊन मजारीशी बसले. तेवढ्यात पानं आणखी पडली होती.

"त्याला सांग," ते मला म्हणाले, "आज निदान गप्प बसला होता."