मोराच्या छापाचा चाकू

फार जुन्या काळी यमूआत्याच्या पेटीत घडीचे जुनेपुराणे चाकू राहत. एकदा तिथे गंजून घट्ट मिटलेला एक चाकू आला. त्याच्या पितळी मुठीवर मोराचा पुसट छाप होता.

पेटीतला खरखरीत काचकागद फुशारला, "दोन मिनिटांत तुझा आरसा करतो!"

चाकू घाईने म्हणाला, "अरे, माझा मोर खरवडून जाईल!"

शेजारच्या कुपीतला तेलाचा थेंब हळूच म्हणाला, "मी शिरू आत? वेळ मात्र लागेल."

"लागू दे, बाबा!"

आत्यानेही तेलच उचललं. तीन दिवस ते मुरलं, मऊ फडकं फिरलं. चौथ्या सकाळी खट्! पातं उघडलं. चाकू आनंदाने उघडमीट करू लागला, तसे बाकीचे चाकूही, आणि सगळी पेटीच खटखटू लागली.

"अरे, हळू! बोटं कापाल माझी!" म्हणत आत्या हसत हसत मोराच्या चाकूने कापायला पेरू आणायला धावली.